तोरण तोडणारी वहिनी

फोन आला तेव्हा मी डाळीतले खडे निवडत होते. भाचा गजानन बोलत होता, आणि नेहमीपेक्षा फार हळू बोलत होता. "आत्या… आई गेली." अशा वेळी माणसं विचारतात ते मी काहीच विचारलं नाही. ती न्हाणीच्या दारात बसली आणि बसली ती उठलीच नाही, छातीत दुखतंय एवढंही म्हणाली नाही, हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "दादानं सकाळची गोळी घेतली का?" वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण गेली ती माझी वहिनी द्वारका, आणि तिलाही आधी हेच सुचलं असतं. वरून मी हे विचारायला एवढा वेळ लावला म्हणून ती मला बोललीही असती.

आमचं गाव इंझोरीच्या अलीकडचं. थोरला भाऊ शेषराव तिथंच शेती करतो, मी लग्न होऊन मंगरूळपीरला आले आणि शाळेत शिकवून निवृत्त झाले. वहिनीचं माहेर जऊळक्याचं, अगदी स्टेशनला लागून. गाडीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची तिला लहानपणापासून सवय, त्यामुळे आमच्या घरात ती कुजबुजली तरी शेजारच्या वाड्यात ऐकू जायची. नणंदेला वहिनी आवडायची नसते हा नियम मी बरीच वर्षं इमानेइतबारे पाळला. ती दिसायला साधी, वागायला हट्टी, आणि कोणाचं चांगलं म्हणणंही लगेच मान्य करायची नाही. आधी डोळे बारीक करून समोरच्याकडे पाहायची, मग बोलायची. पुढे त्याच पाहण्यावर आमचं घर उभं राहिलं, पण तेव्हा आम्हाला ते नुसतं खवचट वाटायचं.

दादा मात्र सगळ्या पंचक्रोशीचा लाडका, आणि ते त्याच्या झडत्यांमुळे. पोळ्याला गावातले सगळे बैल सजून मारुतीपुढच्या मैदानात तोरणाखाली रांगेनं उभे राहतात. मग एकेक जण पुढे होऊन झडती म्हणतो, म्हणजे यमक जुळवून कोणाला तरी चिमटा काढतो. शेवटी सगळे 'हर बोला हर हर महादेव' करतात. झडत्या सरल्या की मानाचे पाटील तोरण तोडतात, बैल घराकडे सुटतात आणि पोळा फुटला म्हणतात. दादाची झडती ऐकायला मानोऱ्याकडून माणसं यायची. त्याची एक मला अजून पाठ आहे,

"बैल म्हने मालका, कायले फुगवतं गाल?
वर्सभर पराणी मारली, आज पांघरली शाल!
एका दिसाचा पाव्हणा मी, उद्या तोच हाल…"

त्या वेळी गावातला सगळ्यात मोठा बैलवाला खाली मान घालून हसला होता. पोळा जवळ आला की दादाला वेगळाच जोर यायचा. झोप उडायची, भूक उडायची, शेतातल्या आखाड्यावर पोरांची गर्दी आणि हा मधोमध बसून झडत्या जुळवतोय. गाव म्हणायचं, शेषरावच्या जिभेवर सरस्वती बसली. पोरं चहा पाजायची, आणखी म्हणा काका, आणखी म्हणा… आणि पोळा सरला की तोच माणूस हळूहळू विझत जायचा. मार्गशीर्ष लागेपर्यंत तोंड भिंतीकडे, अंगावर गोधडी, दाढी वाढलेली. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. त्याला गाव आळस म्हणायचं. आई म्हणायची, "नजर लागली माह्या लेकराले." माघात कधीतरी तो उठायचा, चार शब्द बोलायचा, आणि घर सुटकेचा निःश्वास टाकायचं की बोलला, आता बरा झाला. बोलणं म्हणजे बरं असणं, असं आमचं गणितच होतं. गावाला पोळा दिसायचा आणि वहिनीला मार्गशीर्ष दिसायचा. दोन्ही एकाच आजाराची तोंडं आहेत हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला नाव ठाऊक नव्हतं, पण ती एकदा मला म्हणाली होती, "बेबीबाई, पोळ्याले तुमचे दादा जेवढे वर चढतात ना, तेवढेच मंग खाली पडतात. मी तर आता वर चढतानीच भेतो."

गावात मोबाइल नुकते येऊ लागले होते त्या सुमाराचा तो पोळा. मी माहेरी आले होते. दादाचे डोळे मला पहिल्याच दिवशी खटकले. जागरणानं लाल झालेले, पण थकवा कुठे नाही. आमची नवी ताडपत्री त्यानं शेजाऱ्याला देऊन टाकली होती, आईची पितळी घागर एका भटक्या बाईला. एका वाक्यातून दुसऱ्यात उडी, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मधे कोणी बोललं की चिडायचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' असं बैलांना म्हणतात, ते म्हणता म्हणता तो बैलाच्या गळ्यात पडून रडला आणि लगेच हसू लागला. वहिनी चुलीपाशी पुरण वाटत होती. तिचे हात थांबले. "उद्या यांले तोरणाखाली उभं नाई करू," ती सासूला म्हणाली. आई उसळली. वर्षाचा एक मान, तोही काढून घ्यायचा? आणि लोकांना काय सांगायचं?

पोळ्याला आम्ही बाया मारुतीच्या ओट्यावर उभ्या होतो. बायांनी तिथून पाहायचं, खाली बैलांत जायचं नाही. दादानं सुरुवात झोकात केली. पहिल्या दोन झडत्यांना मैदान हललं. तिसरी सरपंचावर, चौथी ग्रामसेवकावर, ढोलवाले मधे थाप मारायचे ते पाचवीनंतर विसरले, कारण हा श्वासच घेईना. हळूहळू हसू कमी झालं. मग त्यानं रांगेतल्या एका घराची झाकलेली गोष्ट यमकात बांधून चव्हाट्यावर मांडली, पोरीची गोष्ट, ती मी इथंही लिहिणार नाही. तिचा बाप बैलाचा कासरा धरून उभा होता. कोणीतरी म्हणालं, "बस झालं शेषराव." पण ते त्याला ऐकूच गेलं नाही. आता शब्दांना अर्थ राहिला नव्हता, नुसता शब्दाला शब्द चिकटत होता. आपणच महादेवाचा नंदी, हे तोरण तुटलं की दुनिया तुटली, तोरणाला हात लावेल त्याला शिंगावर घेईन… ऊन कलत आलं. बैल सकाळपासून उपाशी, झुली अंगावर, गळ्यात घुंगरांच्या माळा. एका जोडीनं मान झटकली तशी शेजारची जोडीही बिचकली. रांगेच्या पुढ्यात लहान पोरं बसलेली. एक जोडी उधळली असती तरी पोरं पायाखाली गेली असती, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि कोणी जागचं हलत नव्हतं.

हलणार कसं? रीतच तशी होती. झडती चालू असेपर्यंत तोरण तोडायचं नाही, आणि तोरण तुटल्याशिवाय बैल हलवायचे नाहीत. म्हातारे पाटील हातात काठी घेऊन उभे होते, पण काठी वर जात नव्हती. एवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. वहिनी ओट्यावरून खाली उतरली होती. डोक्यावर पदर, हातावर वाळलेलं पुरण. ती सरळ बैलांच्या पुढून चालत गेली आणि पाटलांसमोर उभी राहिली. ढोल थांबले होते, त्यामुळे तिचा जऊळक्याचा आवाज साऱ्या मैदानाला ऐकू गेला.

"मामाजी, तोरन तोडा."

"तेचं बोलनं सरल्याबिगर कसं तोडू बाई?"

"ते सरतच नाई म्हनून तं आली. थे झडती नाई म्हनून राह्यले, बिमार हायेत."

बिमार हा शब्द आमच्या घरातल्या माणसासाठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाटील तरीही हलले नाहीत. तेव्हा तिनं त्यांच्या हातातली काठी घेतली, हिसकावली नाही, आपल्या घरचीच असावी तशी घेतली, आणि तोरणाच्या दोरात अडकवून सगळ्या जोरानं खाली ओढली. आंब्याची पानं तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोणीतरी 'हर हर महादेव' ओरडलं, ढोल वाजले, बाप्यांनी पोरं उचलली, बैल घराच्या वाटेला लागले. त्या धुळीत मला एवढंच दिसलं की तिनं दादाचं मनगट धरलं होतं. मला वाटलं हा तिला मारणार. ती म्हणाली, "चला. पोळा फुटला. आता घरी जा लागते." आणि दादा निघाला… निमूट, बैलासारखा. लहानपणापासून तोरण तुटलं की घरी जायचं, एवढा एकच नियम त्याच्या त्या भिरभिरलेल्या डोक्यात शाबूत होता, आणि वहिनीला तो नेमका सापडला.

दुसरा दिवस पोळ्याच्या करीचा. करीला आमच्याकडे शुभ कामाला बाहेर पडत नाहीत. आईनं दार अडवलं. "शुभ काम कोनतं हाय आत्याबाई? दवाखान्यात जाऊन राह्यलो," वहिनी म्हणाली आणि माहेराहून भावाला बोलावून दादाला जीपनं अकोल्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी प्रमाणाबाहेर चढतं, कधी प्रमाणाबाहेर उतरतं. बाहेरची बाधा नाही, आळस नाही, नाटक नाही. गोळी रोज घ्यायची, रक्त वेळच्या वेळी तपासायचं, आणि झोप मोडू लागली की थांबायचं नाही, यायचं. ही झोपेची गोष्ट तिनं पदराला गाठ मारून ठेवली. गावानं मात्र वेगळीच गाठ मारली. बाईनं तोरण तोडलं, आता गावावर काहीतरी येणार. त्या वर्षी सोयाबीनवर अळी पडली तीही तिच्याच नावावर लागली. अळी साऱ्या जिल्ह्यात पडली होती, पण तेवढा हिशोब कोण करतो? आई दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलली नाही. ती आपली रोज सकाळी साखरेच्या डब्याचं झाकण काढायची, त्यात गोळी ठेवायची, चहाबरोबर दादापुढे सरकवायची आणि विचारायची, "झोप आली का?" तो हो म्हणाला तरी ती डोळे बारीक करून बघायचीच.

दादा सावरला, पण मंदावला. शेतात जायचा, वेळेवर जेवायचा, झडती मात्र जुळेना. पोळा आला की पोरं वसरीत येऊन बसायची. "काका, चार दिस गोळी नोका घेऊ ना. मजा नाई राह्यली पोळ्यात." आणि खरं सांगायचं तर दादालाही तेच हवं होतं. एकदा तो माझ्यासमोर म्हणाला, "बेबे, गोळीनं माह्यं तोंड बांधलं." दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जीव वाचला ना, मग झडतीचं काय घेऊन बसलात. वहिनी त्याला घेऊन पुन्हा अकोल्याला गेली आणि डॉक्टरांशी भांडली. "साहेब, मानूस तुमी वापस देला, पन वाळवून देला. थोडा वला करा." डॉक्टर हसले, पण त्यांनी मनावर घेतलं. गोळी बदलली, मात्रा हळूहळू बसवली. आपल्या मनानं एक गोळीही कमी करायची नाही, हे मात्र तिला दोनदा बजावलं. पुढच्या एका पोळ्याला दादा तोरणाखाली उभा राहिला, चार ओळी म्हणाला आणि थांबला. त्याचं ते थांबणं पाहून ओट्यावर वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. तोवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हातारे पाटील तेव्हा खूप थकले होते. त्यांनी काठी वर केली, मग ओट्याकडे बघून म्हणाले, "तोडू का बाई?" सारं मैदान हसलं, वहिनीही हसली.

तेव्हापासून घरात एक बोलच पडून गेला. दादाचं बोलणं जरा पळू लागलं, बोलण्याच्या नादात तीन सकाळी चहा तसाच निवला, की ती म्हणायची, "आवो, तोरन तोडा लागते का?" कधी दादा चिडायचा, कधी दोन दिवस अबोला धरायचा. पण बॅग भरली जायची आणि दोघं अकोल्याच्या गाडीत बसायची. त्या तोडलेल्या तोरणाचा दोर तिनं स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवून ठेवला होता. पानं कधीच गळून गेली होती. ती त्याच्यावर पुसणी वाळत घालायची.

ज्या बाया तिला अपशकुनी म्हणत होत्या त्याच पुढे मागच्या दारानं तिच्याकडे यायला लागल्या. नवरा बोलत नाही, पोरगा खोलीबाहेर येत नाही, सून बाळाला जवळ घेत नाही… ती औषध सांगत नसे, सल्लाही फार देत नसे. म्हणायची, "ताप उतरला नाई तं किती दिस घरी पायता? तेवढेच दिस हे पाहा. अन् झोप, जेवन, काम तिन्ही बिघडले असन तं तेवढे बी नोका पाहू." बाळंतीण सुनेच्या सासूला पोहरादेवीला नवस बोलायला जायचं होतं. वहिनी म्हणाली, "जा ना. पन आंधी दवाखाना. देवी काई पळून नाई जात." आणि त्या सुनेला शेजारी बसवून तिनं सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटते का?" सासू हबकली, असं विचारतात का कोणी, नसतं डोक्यात भरवायचं. वहिनी म्हणाली, "इचारल्यानं कोनी मरत नाई मावशी. न इचारल्यानं मरते." ती सून तेव्हा मान खाली घालून हो म्हणाली होती. आज तिचं बाळ कॉलेजात जातं.

…आणि अशी बाई एका सकाळी न्हाणीच्या दारात बसली आणि गेली. मी तेरवीपर्यंत तिथंच राहिले. लोक मला सांत्वनाचं काही बोलत होते आणि माझं लक्ष दादाच्या चहाच्या कपाकडे होतं. पहिले काही दिवस तो दगडासारखा बसून होता, ते मला समजत होतं. मग त्याची झोप उडाली. पण बायको गेलेल्या माणसाला झोप कुठून येणार? मग तो वस्तू वाटू लागला. तिची लुगडी बायांना, तिचा पाटा-वरवंटा शेजारणीला, गोठ्यातली गाय वासरासकट एका पाहुण्याला. पण गेलेल्याच्या नावानं दान करतातच, त्याचा हात कसा धरायचा? गजाननला म्हटलं तर तो म्हणाला, "आत्या, दुःख हाय थे. तू काहून भेऊन राह्यली?" मी भ्याले होते हे खरंच. दुःख कुठं सरतं आणि आजार कुठं सुरू होतो, ती रेघ वहिनीला दिसायची. तिच्याजागी बसून मी डोळे कितीही बारीक केले तरी मला दिसेना.

तेरवीच्या पंगती उठल्यावर दादा वसरीत बोलायला लागला. तिच्या आठवणी, मग तिच्यावर झडती, मग दुसरी, तिसरी. फार सुंदर होत्या. माणसं डोळे पुसत होती आणि माना डोलावत होती. एक म्हातारा माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाला, "बरं झालं बाई, शेषराव बोलता झाला." तेच जुनं गणित. मी उठले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. एवढ्या माणसांत, बायकोच्या तेरवीला, त्याला काय म्हणायचं? पाचवी झडती अर्धी झाली असेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून त्या खुंटीवरचा दोर दिसतो. ओळ अर्धीच सोडून तो थांबला. वसरी वाट पाहत होती. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बेबे… तोरन तोडा लागते."

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही अकोल्याला गेलो. गजानन बरोबर होता. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दुःखाचं वेगळं विचारलं, झोपेचं वेगळं विचारलं, औषध वाढवलं आणि म्हणाले, बरं झालं लवकर आलात. परतीच्या वाटेवर दादा खिडकीकडे तोंड करून रडला, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच. गजाननला मी म्हटलं, रडू दे.

आता मी मंगरूळपीरला घरी आहे. गजानन तिथं आहे, गोळी तोच ठेवतो, त्याच झाकणात. मी रोज सकाळी फोन करते आणि वहिनीचाच प्रश्न विचारते, कारण दुसरा मला येत नाही. काल दादा म्हणाला, "आली झोप. चांगली आली." मागे साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. "बेबे, तुले आली का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "द्वारकीले मी हे कधी इचारलंच नाई."